पश्चिमेस थर्मलची धुराडी

काशिनाथअप्पांना आम्ही परळीच्या वीरशैव स्मशानभूमीत माती दिली. ती जागा अशी: पूर्वेस कंपाउंडची भिंत, उत्तरेस पायवाट, दक्षिणेस त्यांच्या थोरल्या भावाची समाधी, पश्चिमेस थर्मलची धुराडी. हे शेवटचं लिहून मी पेन खाली ठेवलं. हेच तीन शब्द लिहून पाकिस्तानात पाठवले म्हणून अप्पांवर खटला भरला गेला होता, आणि ते गेल्यावर तो 'आरोपी मयत' अशा एका ओळीनं बंद झाला. ते दोषी होते की नव्हते, हे सांगायची वेळ कोर्टावर आलीच नाही. गावानं मात्र आपला निकाल केव्हाच लावून टाकला होता, तोही दोन्ही प्रकारचा.

मी मुद्रांक विक्रेता, लोकांच्या तोंडी वेंडर. तहसील कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. त्याला लागून एकोणीस वर्षं अप्पांचं टेबल होतं. अप्पा भूमी अभिलेखमधून रेकॉर्डकीपर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीला लागले तेव्हा निजामाच्या वेळचं सगळं दफ्तर उर्दूत, आणि ते वाचणारा एकच म्हातारा कारकून उरलेला. त्याच्यापुढं बसून अप्पा दोन वर्षांत उर्दू शिकले. कशासाठी शिकलात, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्यो मेल्यावर ह्या कपाटाचं कुलूप कोन उगडनार हुतं?" निवृत्तीनंतर ते आमच्या शेडमध्ये आले आणि लोकांचे जुने कागद वाचून द्यायला लागले. मधे कुणबी नोंदी शोधायची लाट आली तेव्हा त्यांच्या टेबलापुढं सकाळपासून रांग लागायची. कोर्टही जमिनीच्या दाव्यांत उर्दू कागद वाचायला अप्पांनाच बोलवायचं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

उंच, पाठीत किंचित वाकलेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, खिशात दोन चष्मे. एक साधा आणि एक उर्दूचा. उर्दूच्या अक्षरांवरचे टिंब साध्या चष्म्यातून दिसत नाहीत, आणि एक टिंब हुकलं की शेत चुलत्याच्या नावावर जातं, असं ते सांगायचे. सकाळी आल्यावर पहिलं काम टेबल ओल्या फडक्यानं पुसायचं. परळीत थर्मलच्या वीजकेंद्राची राख रात्रीतून टेबलावर बसते. अप्पा फडकं उलटून बघायचे आणि म्हणायचे, "आज वारा पश्चिमेचा हाय." मला एकोणीस वर्षांत हवामानाची दुसरी बातमी लागली नाही.

त्यांची खोड एकच, पण ती पुरेशी होती. जन्मभर खरेदीखतं आणि पैमाशीची, म्हणजे मोजणीची, दफ्तरं वाचल्यामुळं अप्पांना जगातली कुठलीही गोष्ट चतुःसीमेशिवाय कळतच नसे. खरेदीखतात जमिनीला चारी बाजूंची हद्द लिहावी लागते, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस गाडीरस्ता, अशी. अप्पा बसस्टँडचा पत्तासुद्धा तसाच सांगायचे. एकदा दाढ दुखायला लागली. डॉक्टरनं विचारलं, कुठली? अप्पा आ करून म्हणाले, "उत्तरेस जीभ, दक्षिनेस गाल, पूर्वेस पडलेल्या दाताची मोकळी जागा." डॉक्टरनं चौथी बाजू न विचारता दाढ काढली, आणि ती शेजारची निघाली. "च्यारी बाजू ऐकून घ्याया पायजे हुत्या," एवढीच अप्पांची तक्रार.

भांडत आलेल्या भावांनाही तेच. दोघं एकमेकांच्या आईबापाचा उद्धार करत असायचे आणि अप्पा शांतपणे म्हणायचे, "चौथी बाजू सांगा. तीन बाजूंची जमीन नसती." आणि एक ताकीद ते सगळ्यांना द्यायचे. हद्द धरायची तर दगडाची धरा, झाडाची धरू नका. झाड मरतं, दुसरं उगवतं, आणि तुम्ही कोर्टात बसता.

ज्यापायी खटला झाला ते त्यांचं दुसरं काम कसं सुरू झालं, ते मी पाहिलेलं आहे. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी आपल्या भागातली बरीच मुसलमान घरं कराचीला गेली. म्हातारे गेले, कबरी इथंच राहिल्या. दहाएक वर्षांमागं बाजारातल्या एका फळवाल्यानं अप्पांपुढं उर्दूत छापलेला कागद ठेवला. कराचीतल्या त्याच्या मामेभावाला आजोबाची कबर कुठं आहे, हे हवं होतं. अप्पा रेल्वेलाईनपलीकडच्या जुन्या कब्रस्तानात गेले. तिथल्या राखणदाराकडं, रशीदभाईकडं, दफनाची जुनी वही होती. तीत प्रत्येक कबरीची चतुःसीमा लिहिलेली. अप्पांना घर सापडल्यासारखं झालं. त्यांनी कबर शोधली, पावलं मोजली, फोटो काढला आणि चारी बाजू लिहून पाठवल्या. मग दुसरं पत्र आलं, मग तिसरं. पुढं ते सगळं मोबाईलवर आलं. चाळीसेक कबरी तरी त्यांनी शोधून दिल्या असतील. एक पैसा घेतला नाही. मी म्हटलं, तुम्ही लिंगायत, तुम्हाला मुसलमानांच्या कबरींचं काय? अप्पा म्हणाले, "आमच्यातबी मातीच देतेत की. जाळनाऱ्याला जागा लागत न्हाई, म्हून त्येला ह्ये कळत न्हाई." मी जाळणाऱ्यातला.

ते नुसते कबरी शोधून थांबले असते तर कदाचित वाचले असते. पण ज्यांना कबर सापडली त्यांना ती बघायला यायचं असे आणि व्हिसा मिळत नसे. मग अप्पा दिल्लीला अर्ज करायला लागले. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांना पंधरा दिवसांचा व्हिसा द्या, एवढीच मागणी. उत्तर आलं नाही तेव्हा बीडला जिल्हाधिकारी कचेरीपुढं धरणं धरलं. आंदोलनात माणसं एक. घरची सतरंजी, हातानं लिहिलेला बोर्ड आणि पाण्याची बाटली. बंदोबस्ताला पोलीस तीन. संध्याकाळी सतरंजी झटकून, घडी घालून, शेवटच्या एस.टी.नं परत. हे ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चार वर्षं करत होते. पेपरवाले त्यांना 'सामाजिक कार्यकर्ते' म्हणायचे, ते अप्पांना आवडत नसे. "कार्यकर्ता मंजी ज्येला सतरंजी उचलाया दुसरा मानूस असतो," ते म्हणायचे. अटकेनंतर त्याच पेपरांनी 'तथाकथित' हा शब्द आधी जोडला.

जुबेदाचा पहिला निरोप आला तेव्हा मी शेजारीच होतो. आवाजाचा निरोप. अप्पांनी फोन टेबलावर ठेवून मोठ्यानं लावला आणि शेडमधली सगळी माणसं थांबली, कारण कराचीहून अस्सल आपल्याकडची मराठी येत होती.

"अप्पा, मी जुबेदा बोलायलेय. परळीची. आमी गेलो तवा मी सा वर्साची हुते. माजी आई तितंच ऱ्हायली, हलीमाबी नाव. आमी निगायच्या म्हैनाभर आदी वारली. तिचं तोंड मला याद न्हाई बगा. पर तिच्या उशाला लिंब हुता. बापानं मला खांद्यावर घेतलं हुतं आन माज्या केसात लिंबाचा पाला पडला. त्येवढं याद हाय. बगा सापडतीय का. लई म्हातारी झाले आता."

अप्पांनी तो निरोप तीनदा ऐकला. मग साधा चष्मा काढून उर्दूचा लावला. वाचायला समोर काहीच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ते कब्रस्तानात गेले. रशीदभाई तेव्हा लेकीकडं युसूफ वडगावला गेलेले होते, त्यांच्या सुनेनं वही काढून दिली. हलीमाबीची नोंद सापडली. उत्तरेस लिंब, एवढंच त्यात वाचता येत होतं. कब्रस्तानात लिंब एकच, चांगला दांडगा. त्याच्या दक्षिणेला, लिंब उशाशी येईल अशी एक कबर. अप्पांनी फोटो काढला आणि लिहिलं: उत्तरेस लिंब, पूर्वेस रेल्वेचे रूळ, दक्षिणेस पाण्याची टाकी, पश्चिमेस थर्मलची धुराडी, दरवाज्यापासून एकशे बारा पावलं. फोटोतही पाठीमागं धुराडी आलेली. परळीत फोटो काढला की ती येतातच, लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा आहेत.

जुबेदाचं उत्तर आलं. ती बोलली थोडं आणि रडली जास्त. नातवानं फोटो मोठा करून भिंतीला लावला, दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, ती त्यापुढं फुलं ठेवते आणि फातेहा म्हणते, असं तिनं कळवलं. अप्पा आठवडाभर खुशीत होते. माझ्याकडं बघून विनाकारण हसायचे.

मग जीप आली. पथक बाहेरचं होतं. "काशिनाथ कोण?" असं एकानं विचारलं. अप्पा दफ्तरातल्यासारखं बापाचं नाव लावून म्हणाले, "वल्द शिवलिंग आसंल तर मी." त्यांचा फोन, वह्या, दोन्ही चष्मे जप्त झाले. पंचनाम्याला पंच पाहिजेत म्हणून मला उभं केलं. पंचनाम्यात घटनास्थळाची चतुःसीमा लिहावी लागते, सरकारच लिहितं. हवालदारानं लिहिलं, पूर्वेस रिकामी जागा. अप्पा आरोपी म्हणून उभे होते, तरी वाकून वाचून म्हणाले, "साहेब, पूर्वेस वेंडरचं टेबल हाय. दुरुस्त करा, न्हाईतर पंचनामा टिकनार न्हाई." हवालदारानं खोडून दुरुस्त केलं.

मग साहेबानं मला विचारलं, यांना किती ओळखता? मी सांगितलं, "फारशी ओळख नाही साहेब. टेबल शेजारी आहे, एवढाच संबंध." तोवर सतरा वर्षं दुपारचा डबा आम्ही एकत्र खाल्ला होता. अप्पांनी ऐकलं. त्यांनी मान वर केली नाही. साहेबाला म्हणाले, "बराबर सांगायलाय त्यो. तसंच लिवा." आणि फडकं घेऊन टेबल पुसलं आणि जीपमध्ये बसले. मला त्या वाक्याची अजून लाज वाटते. इथं ते लिहिल्यानं कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालेलं नाही.

आरोप असा की, शत्रुराष्ट्रातल्या व्यक्तींशी संपर्क ठेवून वीजकेंद्र, रेल्वे आणि पाणीपुरवठा यांची दिशा आणि अंतरं पुरवली. चारी बाजूंपैकी तीन बाजू आरोपपत्रात गेल्या. लिंब तेवढा सुटला. जप्त वह्यांचं भाषांतर बाहेरून करून आणलं होतं. त्याची प्रत अप्पांना तुरुंगात मिळाली, तर त्यांनी त्यातल्या अकरा चुका काढून वकीलबाईंना दिल्या. त्यातल्या चार चुका अप्पांच्या फायद्याच्या होत्या. "त्याबी दुरुस्त करा मन्ले," असं वकीलबाई कपाळाला हात लावून सांगायच्या. या सोनवणे वकीलबाई, वयानं अप्पांच्या नातीएवढ्या. त्यांनी अडीच महिन्यांनी जामीन मिळवला. अट एकच कडक. परदेशातल्या कुणाशीही, कुठल्याही मार्गानं संपर्क नाही. केला की जामीन रद्द.

अप्पा परत आले. टेबल पुसलं. रांग काही आली नाही. आवारातून जाताना कुणीतरी "पाकिस्तानी मुन्शी" म्हणायचं. अप्पांचं त्यावर म्हणणं एवढंच की, मुन्शी बरोबर आहे. पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलानं काही दिवस आडनाव बदलायचं मनावर घेतलं होतं, असं ऐकलं. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलले. डबा उघडून लसणाची चटणी माझ्या झाकणात ठेवली. मी म्हणालो, अप्पा, त्या दिवशी मी... ते म्हणाले, "जेव."

खटल्यानं त्यांना काही झालं नाही. मोडले ते पुढच्या जुम्मेरातीला. कब्रस्तानात सहज चक्कर मारायला गेले होते, मी बरोबर होतो. रशीदभाई झाडाखाली बसले होते. अप्पांनी ती कबर दाखवून हलीमाबीची गोष्ट सांगितली. रशीदभाईंनी मान वर करून लिंबाकडं पाहिलं. मग म्हणाले, "अप्पा, हा लिंब माज्या बापानं लावलेला हाय. बहात्तरच्या दुष्काळात. मी पानी घालायचो. जुना लिंब तिकडं हुता, त्यो कवाच पडला." आणि त्यांनी पश्चिमेकडं हात केला. तीसेक पावलांवर वारुळासारखा एक उंचवटा होता, पोखरलेल्या बुंध्याचा.

अप्पा खाली बसले. मी पाणी दिलं ते घेतलं नाही. मग बोलले. "जन्मभर लोकायला सांगितलं, झाडाची हद्द धरू नका. आन मीच धरली. बाई रडली म्हून धरली."

त्या दिवसापासून त्यांना दुसरा विषय राहिला नाही. कराचीत एक म्हातारी दर आठवड्याला परक्याच्या कबरीपुढं फुलं ठेवते आहे आणि तिला तसं करायला अप्पांच्या हस्ताक्षरातली नोंद सांगते आहे. तिचं वय ऐंशीच्या पुढं. कळवलं तर जामीन जातो, नाही कळवलं तर ती तशीच मरते. त्यांची झोप गेली, डबा अर्धा राहायला लागला. मी एक मार्ग काढला. फळवाल्याचा मुलगा दुबईला आहे, त्याच्याकडून निरोप देऊ, कुणाला कळणार नाही. अप्पांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आन उद्या त्येला उचलला तर पंच कोन ऱ्हानार? तू?" त्यांच्या तोंडून त्या दिवसाचा उल्लेख निघाला तो एवढाच.

त्यांनी कोर्टाकडं अर्ज करायचं ठरवलं. एक दुरुस्ती कळवायला परवानगी द्यावी. वकीलबाईंनी मसुदा केला: पूर्वी पाठवलेला फोटो चुकीच्या जागेचा होता, क्षमस्व. अप्पांनी वाचून परत दिला.

"आन बरुबर जागा कोंची? उद्या तिचा नातू आला इकडं, तर कुटं जाईल?"

"अप्पा, जागा सांगायची म्हणजे परत धुराडी, रूळ, टाकी. दुसरा गुन्हा दाखल होईल."

"चारी बाजूबिगर नोंद व्हत न्हाई."

"मग त्यात सरकारची एकही वस्तू नको. झाड चालेल, दगड चालेल."

"झाड नगं," अप्पा म्हणाले. मग मसुद्यावर बोट ठेवून, "मान्सं लिवू."

खरेदीखतात बहुतेक वेळा तेच असतं. अमक्याचं शेत, तमक्याचा वाडा. कबरीच्या चारी बाजूंना ज्या कबरी आहेत, त्यांतली माणसं शोधायची. जुन्या बुंध्याच्या दक्षिणेला हलीमाबीची खरी जागा सापडली, दगडांची एक ओळ उरली होती. पण वहीत उत्तरेस लिंब सोडून बाकीच्या बाजूंचा मजकूर वाळवीनं खाल्लेला. म्हणून अप्पा आणि रशीदभाई आजूबाजूच्या कबरींच्या दगडांशी ताडत सगळी वही वाचत बसले. सात आठवडे, उर्दूचा चष्मा जप्तीत म्हणून भिंग धरून. रविवारी मी छत्री धरायला जायचो. दोघं म्हातारे एकमेकांवर खेकसायचे, मग बिडी आणि विभूती यांच्यात तह व्हायचा. पूर्वेला करीम नालबंद निघाला, बैलांना नाल मारणारा. दक्षिणेला डाक बंगल्यावरची स्वयंपाकीण. उत्तरेला, बुंध्याच्या पलीकडं, दोन जुळी मुलं, नाव न ठेवलेली. पश्चिम काही मिळेना. शेवटी अप्पांनी उलटं शोधायला घेतलं. ज्याच्या स्वतःच्या नोंदीत 'पूर्वेस हलीमाबी' लिहिलंय, असा माणूस. तीन वर्षं पुढच्या पानावर तो सापडला. मदारसाहेब, रेल्वे हमाल. वकीलबाईंनी 'रेल्वे' शब्द काढून टाकला. मदारसाहेबांना त्याची हरकत नसावी.

फोटोतल्या त्या चुकीच्या कबरीतला माणूसही कळला. एक पिंजारी, मागं कुणी नसलेला. "सा म्हैने फातेहा मिळाला गड्याला," अप्पा म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी हसले.

बीडच्या कोर्टात सरकारी वकिलांनी विरोध केला. ही नावं सांकेतिक असू शकतात. न्यायाधीशांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे सगळे कुठं असतात?"

"तितंच, साहेब. वारलेत. वहीची नक्कल जोडलीय."

परवानगी मिळाली. एकदाच, वकीलबाईंच्या ईमेलवरून, तपास अधिकाऱ्याला प्रत देऊन. उत्तर आलं तर ते न उघडता कोर्टापुढं ठेवायचं. यात तीन तारखा गेल्या. निरोप गेला त्या दिवशी अप्पांनी डबा पूर्ण संपवला.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. हातानं लिहिलेलं उर्दू पत्र, त्याचा फोटो. कोर्टानं प्रिंट काढली आणि मग प्रश्न पडला, वाचणार कोण? बाहेरचा भाषांतरकार दोन तारखांना आलाच नाही. तिसऱ्या तारखेला न्यायाधीश कंटाळले. या कोर्टात आजवर उर्दू कुणी वाचलं, असं त्यांनी बेंच क्लार्कला विचारलं. क्लार्कनं आरोपीकडं बोट दाखवलं. सरकारी वकील उठले. न्यायाधीश म्हणाले, वाचू दे, तुम्ही नंतर तपासून घ्या.

अप्पांना त्यांचा उर्दूचा चष्मा जप्त मुद्देमालातून काढून दिला. ते आरोपीच्या जागेवरून वाचायला लागले, जमिनीच्या दाव्यात वाचायचे त्याच आवाजात. आधी उर्दू, मग मराठी. पत्र नातवाचं होतं.

"आपला निरोप दादीला जुम्मेरातीला वाचून दाखवला. चारी बाजू तिनं पुन्हापुन्हा वाचून घेतल्या. करीम नालबंदाचं नाव ऐकून ती म्हणाली, तो मला वाकडे खिळे खेळायला द्यायचा. मग म्हणाली, म्हणजे आई ओळखीच्या माणसांत आहे. त्यानंतर ती अठरा दिवस जगली. तिला आम्ही इथं दफन केलं. आपल्या पद्धतीनं जागा कळवतो. पूर्वेस पाण्याचा नळ. उत्तरेस आमचे दादा. दक्षिणेस एक मास्तर, त्यांचं नाव युनूस."

अप्पा थांबले. त्यांनी कागद उलटून पाहिला, मग पुन्हा सुलटा केला.

"पुढं?" न्यायाधीश म्हणाले.

"पुडं सलाम हाय, साहेब. ह्यात पश्चिम न्हाई. पोरगं लिवायचं इसरलं."

सरकारी वकिलांनी पश्चिम या शब्दाला मान वर केली.

"मग?"

"इचारायची परवानगी पायजे."

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी डायरी उघडली. मग म्हणाले, "प्रतिज्ञापत्रासह अर्ज द्या. पुढच्या तारखेला बघू."

पुढची तारीख अप्पांना मिळाली नाही. त्याआधी नऊ दिवस, सकाळी फडकं भिजवायला नळाकडं गेले आणि तिथंच बसले, ते उठलेच नाहीत. म्हणून मला ते आठवतात ते पत्र वाचलं त्या दुपारचे, कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर. वकीलबाई दुसऱ्या केसमध्ये अडकल्या होत्या. अप्पांना धीर नव्हता. "वेंडर, तिकीट हाय का?" त्यांनी विचारलं. माझ्या खिशात कोर्ट फीचं तिकीट नेहमीच असतं, मी दिलं. त्यांनी मांडीवर कागद घेऊन अर्ज लिहिला, तिकीट लावलं, सही केली. मग कागद माझ्यापुढं धरला. प्रतिज्ञापत्राखाली ओळख पटवणाऱ्याची जागा मोकळी होती.

"वकीलबाई करतील की," मी म्हणालो.

"त्या मला दोन वर्सांपास्नं वळकतेत," अप्पा म्हणाले. "तू कर."

मी त्यांचं पेन घेतलं आणि लिहिलं: वरील इसमास मी एकोणीस वर्षांपासून ओळखतो. खाली नाव, सही, पत्ता. अप्पांनी उर्दूचा चष्मा लावून ती ओळ वाचली, एकदाच, आणि कागद घेऊन आत गेले.